नाईट ड्यूटी अंगवळणी पडत नाही, हा माझ्या स्वभावाचा दोष का?

एका सिस्टरचं पत्र असं आहे (थोडं कमी करून देतेय):

"ताई, मी मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, वय 31. सहा नाईट, मग एक दिवस ऑफ, मग लगेच मॉर्निंग असं रोस्टर. चार वर्षं झाली तरी नाईट अंगवळणी पडत नाही. सकाळी घरी येऊन पडल्या पडल्या झोप लागते, पण साडेबाराला डोळे उघडतात ते उघडतातच. पावणेएकला मुलाची स्कूल व्हॅन येते, घ्यायला मलाच जावं लागतं. वजन सात किलो वाढलंय, पाळी कधी 24 दिवसांनी कधी 45. परवा नाईट संपवून तशीच लॅबला जाऊन रक्त दिलं तर थायरॉइडचा टीएसएच 5.8, म्हणजे जास्त आला. माझ्याच बॅचची मैत्रीण हॉस्टेलला राहते, ती नाईट मागून घेते आणि एकदम फ्रेश असते. सासूबाई म्हणतात तुझा स्वभावच काळजी करायचा, स्वभावाला औषध नाही. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. माझ्यातच काही कमी आहे का? आणि नाईट ड्यूटीने कॅन्सर होतो असा मेसेज फिरतोय तो खरा आहे का?"

अगं, सगळ्यात आधी एक सांगते, तुझ्यात काही कमी नाहीये. मी स्वतः बावीस वर्षं आयसीयूत नाईट केल्यात आणि चार वर्षांनी मीही हेच विचारत होते, फक्त तेव्हा विचारायचं कुणाला हे माहीत नव्हतं. स्वभावाचा यात थोडा हात असतो, तो कुठे आणि किती ते पुढे लिहितेच, पण तू जे सोसतेयस त्याचं मोठं कारण शरीरातलं घड्याळ आहे आणि ते घड्याळ मन घट्ट करून फिरत नाही.

पहाटे चारचा वॉर्ड डोळ्यांसमोर आण. एसी रात्रभर तेवढाच असतो, पण साडेतीन-चार वाजले की नर्सिंग स्टेशनवरच्या एकेक जणी शाल ओढून घेतात, मावशी स्टुलावर पाय वर घेऊन बसतात, मामा बाहेर चहा बघायला जातात आणि आपण चार्ट लिहिताना एकच ओळ दोनदा लिहितो. आपण म्हणतो गारठा वाढला. गारठा वाढलेला नसतो, त्या वेळेला आपल्याच अंगाचं तापमान चोवीस तासांतलं सगळ्यात कमी असतं. दिवसभरात ते साधारण अर्धा ते एक डिग्री सेल्सियस वरखाली होतं आणि पहाटे चार-पाचच्या आसपास तळाला जातं. हे ठरवतो मेंदूतला एक अगदी छोटा पुंजका, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थेट वर बसलेला, साधारण 20,000 पेशींचा. त्याचा दिवस 24 तासांपेक्षा किंचित मोठा असतो, माणसांत सरासरी 24.2 तास भरलाय, आणि रोज डोळ्यांतून जो उजेड जातो त्यावर तो स्वतःला जुळवून घेतो. रोस्टर त्याला दिसत नाही, त्याला फक्त उजेड कळतो.

आता हार्मोन्स. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला जागं आणि सज्ज ठेवणारं हार्मोन, रात्री बाराच्या आसपास सगळ्यात कमी असतं, दोन-तीन वाजल्यापासून चढायला लागतं आणि सकाळी उठायच्या वेळेला सगळ्यात वर असतं, उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात तर अजून एक उसळी घेतं. मेलाटोनिनचं, म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणाऱ्या हार्मोनचं, उलट, अंधार पडला की रात्री नऊ-दहाला सुरू, मध्यरात्रीनंतर सगळ्यात जास्त, सकाळी बंद. म्हणजे तू साडेनऊला पडदा ओढून अंगावर घेतेस तेव्हा शरीराच्या हिशोबाने कॉर्टिसॉल वर, तापमान चढतंय, मेलाटोनिन बंद झालेलं. रात्रभराच्या थकव्याने झोप लागते, पण तीन-चार तासांत थकवा जरा उतरला की खालचं घड्याळ ढकलून उठवतं. तुझे साडेबाराला डोळे उघडतात ते मुख्यतः यामुळे. नुसत्या काळजीने उघडत असते तर बहुतेक तुझी झोप लागतानाच अडली असती, आणि तू लिहिलंयस की पडल्या पडल्या लागते.

यातली खरी गुंतागुंत पुढे आहे. सगळे हार्मोन्स घड्याळाच्या मागे जात नाहीत. कॉर्टिसॉल आणि मेलाटोनिन घड्याळाला चिकटून असतात, ग्रोथ हार्मोन मात्र जास्त करून झोपेच्या मागे जातं, पहिली गाढ झोप लागली की सुटतं, मग ती रात्री लागो की सकाळी. दूध आणणारं हार्मोन प्रोलॅक्टिन, तेही झोपेत वाढतं. इन्सुलिनचं काम रात्री मंदावतं, तोच वडापाव संध्याकाळी सहाला खाल्ला तर जेवढी साखर चढेल त्यापेक्षा रात्री तीनला जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. थोडक्यात भजनात टाळ एका लयीत चाललेत आणि मृदंग वेगळ्याच, तसं तुझ्या शरीरात महिन्यातले दहा-बारा दिवस चालू असतं, आणि ते जरा जुळायला लागलं की रोस्टर बदलतं. वजन आणि पाळी दोन्हीवर याचा परिणाम होतो, पाळीची अनियमितता शिफ्ट करणाऱ्या नर्सेसमध्ये जास्त दिसते हे बऱ्याच ठिकाणी नोंदलंय. पण म्हणून पाळीचं सगळं बिल नाईटवर फाडू नकोस, गायनॅकला एकदा दाखव, 45 दिवस लांबलं तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर, पीसीओडी आणि थायरॉइड बघून घे.

आणि त्या टीएसएचबद्दल, हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहिते. टीएसएच रात्री वाढतो आणि झोप त्याला दाबून ठेवते. रात्रभर जागं राहिलं की तो दाबला जात नाही, जास्त चढतो. तू नाईट संपवून तशीच लॅबला गेलीस, म्हणजे चढलेल्या आकड्यावरच सुई टोचली. त्यामुळे तो 5.8 खरा किती आहे हे त्या एका रिपोर्टवरून सांगता येत नाही. म्हणजे थायरॉइड नाहीच असंही नाही बरं का, वजन वाढलंय, पाळी पुढेमागे होतेय, तपासायलाच पाहिजे. दोन-तीन रात्री नीट घरी झोपून झाल्यावर सकाळी परत दे, सोबत फ्री टी4 (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कर, आणि फिजिशियनला स्वतःच्या तोंडाने सांग की पहिलं सॅम्पल नाईटनंतरचं होतं, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. कधी कॉर्टिसॉल करायला सांगितलं तर तेच, "सकाळी आठचं कॉर्टिसॉल" ही वेळ रात्री झोपणाऱ्या माणसाचा हिशोब धरून ठरवलीये, त्यामुळे शेवटची झोप किती वाजता लागली आणि किती वाजता उठलीस ते फॉर्मवर लिहूनच दे. आपल्याकडे हॉस्पिटलचा स्टाफ जाता जाता रक्त देतो, फुकटात होतं, सोयीचं असतं, मीही तेच करायचे, आणि त्यातून एका सहकारी सिस्टरला विनाकारण वर्षभर गोळी चालू राहिली होती.

आता स्वभाव. तुझ्या सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, पण त्या ज्याला स्वभाव म्हणतात त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे माणूस पहाटेचा आहे की रात्रीचा. 1976 मध्ये हॉर्न आणि ओस्टबर्ग या दोघांनी यासाठी एक प्रश्नावली केली, ती अजून वापरतात, आणि पहाटेची माणसं खरंच घड्याळानेच पुढे असतात, त्यांचं तापमान आणि मेलाटोनिन दोन्ही लवकर चढतं-उतरतं. यात आईबापाकडून आलेला वाटा बराच असतो, वयाप्रमाणेही बदलतं, विशी उलटली की हळूहळू माणूस पहाटेकडे सरकतो, म्हणून चाळिशीनंतर नाईट जास्त जड जाते. दुसरी गोष्ट, बोलका की अबोल. केंब्रिजच्या ब्लेक यांनी 1967 मध्ये दाखवलं की अंतर्मुख माणसांचं तापमान सकाळी बहिर्मुख माणसांपेक्षा आधी वर चढतं. फरक छोटा होता पण होता. तिसरी मला सगळ्यात कामाची वाटते. शिफ्टच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या सायमन फोकर्ड आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये शिफ्ट कुणाला झेपेल हे आधी ओळखता येईल का ते बघितलं आणि त्यांनी नुसता स्वभाव न बघता सवयी विचारल्या, म्हणजे अवेळी झोप लागते का, कुठेही लागते का, आणि पेंग आली तर झटकून काम करता येतं का. ज्यांची झोप लवचिक आणि ज्यांना पेंग झटकता येते त्यांना नाईट बरी झेपते. तुझी मैत्रीण बहुतेक त्यातली असेल. पण ती हॉस्टेलला राहते हेही विसरू नकोस, तिच्या खोलीचं दार बंद झालं की दुपारी चारपर्यंत कुणी वाजवत नाही. तू तिचा स्वभाव आणि तुझा स्वभाव शेजारी ठेवून बघतेयस, त्याआधी दोघींच्या खोल्या शेजारी ठेवून बघ.

आणि काळजी करायच्या स्वभावाचं काय, तर त्याचाही हार्मोनशी संबंध आहे आणि तो मला फार विचार करायला लावतो. 1999 मध्ये जर्मनीत यान बोर्न आणि सहकाऱ्यांनी 15 जणांवर एक प्रयोग केला. काही रात्री त्यांना सांगितलं तुम्हाला सहाला उठवणार, काही रात्री सांगितलं नऊला. सहाला उठायचंय हे माहीत असलं की झोपेतच, उठायच्या तासभर आधीपासून, कॉर्टिसॉलला हुकूम देणारं जे एसीटीएच हार्मोन ते चढायला लागायचं. ज्या रात्री नऊ सांगून अचानक सहाला उठवलं त्या रात्री असं आधीपासून चढलं नाही. म्हणजे मनात धरलेली वेळ झोपेतही शरीराला कळते. आता तुझं बघ, पत्रात तू लिहिलंयस की मुलाची स्कूल व्हॅन पावणेएकला येते आणि घ्यायला तुलाच जावं लागतं. मग साडेबाराला डोळे उघडले नाहीत तरच नवल. हे काळजीखोर बाईचं लक्षण नव्हे, आईने व्हॅनची वेळ डोक्यात ठेवून झोपल्याचं आहे. नाईटच्या दिवसांत व्हॅन दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, आणि घ्यायची म्हणजे पक्की घ्यायची, "तू उठली नाहीस तर मी जाईन" असं नाही, कारण ते "नाहीस तर" तुझ्या डोक्यात जागं राहतं.

बरं, उलटंही असतं. वर्षानुवर्षं अर्धी झोप झाली की कुणीही चिडचिडं, हळवं, काळजीखोर होतं. नाईटमुळे स्वभाव असा झाला की असा स्वभाव म्हणून नाईट झेपत नाही, हे एका माणसाकडे बघून वेगळं काढता येत नाही. चार वर्षांपूर्वी तू कशी होतीस हे तुझ्या आईला विचार.

"होईल सवय" असं जे सगळे म्हणतात त्याबद्दल एक आकडा सांगते. फोकर्ड यांनीच 2008 मध्ये कायम नाईट करणाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र करून मेलाटोनिनच्या वेळा बघितल्या, तर ज्यांचं घड्याळ पूर्ण उलटं फिरलंय असे लोक 3 टक्क्यांपेक्षा कमी निघाले. हे कायम नाईट करणारे, तुझं तर दर आठवड्याला बदलतं. तेव्हा सवय होत नाही म्हणून स्वतःला बोल लावणं आता बंद कर.

आता काय करायचं. आधी स्वतःचाच टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) लिही, निदान टी, म्हणजे तापमान तरी. पुढच्या नाईटच्या आठवड्यात रात्री दहा, पहाटे चार आणि सकाळी आठ, तीन वेळा डिजिटल थर्मामीटरने तापमान, सहाही रात्री. सहाव्या रात्रीपण चारचंच सगळ्यात कमी आलं तर घड्याळ जागचं हललेलं नाही हे तुला स्वतःच्या अक्षरात दिसेल, आणि इन्चार्जशी बोलताना तो कागद बरोबर असेल.

उजेडाचं गणित मग सोपं होतं. तापमान तळाला जातं त्या वेळेआधी मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे उशिरावर नेतो, नंतरचा उजेड ते पुढे ओढतो, म्हणजे लवकरवर, दिवसाकडे. वॉर्डातला उजेड काहीशे लक्स (उजेडाचं माप), बाहेरचं सकाळचं ऊन हजारोंच्या घरात. तू सव्वाआठला स्कूटी काढतेस आणि ऊन तोंडावर घेत वीस मिनिटं घरी जातेस, रात्रभरात घड्याळ जेवढं मागे सरकलं असेल ते त्या वीस मिनिटांत परत जागेवर. गॉगल घाल, चांगला गडद. पण डोळ्यांवर पेंग असेल तर गॉगलही नको आणि स्कूटीही नको, चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं डोळे मिटून मग निघ नाहीतर रिक्षा कर. सहाव्या नाईटनंतर घरी जाताना धडक होऊन कॉलरबोन मोडलेली सिस्टर मी माझ्याच वॉर्डात अॅडमिट करून घेतलीये.

खोली अंधारी म्हणजे खरी अंधारी, खिडकीला जाड चादर किंवा काळा कापडी पडदा, फोन बाहेर. पडायला उशीर करू नकोस, आंघोळ, थोडंसं खाणं आणि आडवी. उरलेली झोप संध्याकाळी ड्यूटीआधी तास-दीड तास काढायची, तुकड्यांत झोपली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, दोन्ही मिळून सहा-सात तास झाले तरी खूप. पहिल्या नाईटला जायच्या दिवशी दुपारी दोन ते चार झोपायचंच. शेवटच्या नाईटनंतर मात्र दुपारी एकपर्यंतच झोप, मग बाहेर पड, ऊन घे, रात्री दहाला बिछान्यावर.

खाणं: मुख्य जेवण घरून सातला निघताना, अकरा-बाराला डबा हलका, आणि एक ते सहा जड काही नाही. भूक लागते मला माहितीये, झोप कमी झाली की भूक लागल्याचा हार्मोन वाढतो आणि पोट भरल्याचा कमी होतो, म्हणून तीन वाजता पँट्रीतला फरसाण हाताला येतो. फुटाणे, उकडलेलं अंडं, केळं बरोबर ठेव. चहा दोनपर्यंत. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच तासांनीही अंगात असतो, चारचा कप नऊला झोपेच्या आड येतो.

आणि एक गोष्ट थेट सांगते कारण मी ती जवळून बघितलीये. ड्रग ट्रॉलीवरची झोपेची गोळी घ्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. मेलाटोनिनच्या गोळ्याही ऑनलाइन मागवून मनाने नको, ती कधी घ्यायची ही वेळच सगळ्यात महत्त्वाची असते, वेळ चुकली तर घड्याळ भलतीकडे जातं. डॉक्टरांशी बोल.

कॅन्सरचा मेसेज अर्धवट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये घड्याळ बिघडवणारं शिफ्टचं काम आणि 2019 मध्ये परत नाईट शिफ्ट हे गट 2ए मध्ये टाकलंय, म्हणजे "बहुधा कारणीभूत". याच गटात लाल मांसही आहे. गट सांगतो की पुरावा किती भक्कम आहे, धोका किती मोठा आहे ते नाही सांगत. म्हणून घाबरून रात्रीची झोपही घालवू नकोस, पण हे म्हणजे नर्सेसच्या तक्रारी असं म्हणून उडवून लावणाऱ्यांना दाखवायला ते वाक्य हाताशी असू दे.

शेवटचं रोस्टर, आणि खरं तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. घड्याळाचा दिवस चोवीस तासांपेक्षा थोडा लांब असल्याने ते मागे ढकलणं सोपं आणि पुढे ओढणं कठीण, म्हणून मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट हा क्रम शरीराला सोसतो, उलटा सोसत नाही. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात कामगारांचा शिफ्टचा क्रम असा सुलटा केला आणि बदलायचा वेग कमी केला, तर कामगारांचं समाधान, तब्येत आणि काम तिन्ही सुधारलं. तुमचं सहा नाईट, एक ऑफ आणि लगेच मॉर्निंग, हे सगळ्यात वाईट. इन्चार्ज सिस्टरांकडे दोनच गोष्टी माग: सलग नाईट तीनपेक्षा जास्त नकोत, आणि नाईटनंतर दोन ऑफ देऊन मग मॉर्निंग. एकटी जाऊ नकोस, चौघी-पाच जणी जा, जिला नाईट आवडते तिलाही घे, तिला जास्त नाईट मिळाल्या तर तिचंही भलंच आहे. स्वभावाचा खरा उपयोग हा, ज्याला जे झेपतं ते त्याला द्यायचं.

सासूबाईंना हे वाचून दाखव. काकू, तुमच्यासाठी एवढंच लिहिते: सून सकाळी नऊला झोपते ती तिची रात्र आहे, तुम्ही रात्री एकला कुणी मिक्सर लावू देणार नाही तसंच तिच्या रात्रीत नको. कुकर साडेआठच्या आत उरकून घ्या किंवा दुपारी लावा, दारावरच्या बेलची बटणं बंद करा, आणि नाईटच्या आठवड्यात पावणेएकची व्हॅन तुमची. जमेल ना?

रक्त परत दिलंस की दोन्ही आकडे तारीख-वेळेसकट कळव, आणि तापमानाचा कागदही.